नावाड्याच्या आठवणींस वाङ्मयांत जागा आहे कीं नाहीं ?

मराठींत आठवणी व आत्मचरित्रें यांची परंपरा लहान नाहीं. सत्तावनच्या धामधुमींत सांपडलेल्या गोडसे भटजींनीं आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेविली, ती १९०७ सालीं छापून निघाली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें वाचकांच्या हातीं आलीं. पुढें १९७८ सालीं दया पवारांचें 'बलुतं' व १९८० सालीं लक्ष्मण माने यांचा 'उपरा' प्रसिद्ध झाला, आणि ज्या घरांत पुस्तक शिरत नव्हतें त्या घरांतून पुस्तक बाहेर पडूं लागलें. इतकें झाल्यावर, कोणाच्या आठवणी लिहिण्याजोग्या व कोणाच्या नव्हेत हा वाद मिटला असावा, अशी आमची समजूत होती. परंतु परवां एका वाङ्मयप्रेमी मंडळींच्या बैठकींत एका विद्वान् गृहस्थांनीं जें मत ठासून मांडलें व ज्यास उपस्थितांपैकीं बहुतेकांनीं माना डोलावून संमति दिली, तें ऐकून हा वाद अद्याप उभाच आहे अशी आमची खात्री झाली.

बोलणें निघालें होतें तें भाड्यानें होड्या देण्याच्या धक्क्यावर राबलेल्या माणसांच्या आठवणींविषयीं. त्या लिहवून घ्याव्या, निदान बीड जिल्ह्यापुरत्या तरी जमवाव्या, असें आम्हीं सुचविलें. त्यावर ते गृहस्थ म्हणाले कीं, प्रथम तर बीड जिल्ह्यांत प्यावयास पाणी नाहीं, तेथें होडी कसली आणि नावाडी कसला? आणि दुसरें असें कीं, होडी सोडणें, होडी बांधणें आणि पैसे मोजून घेणें एवढ्याच ज्याच्या आयुष्यांतील घडामोडी, त्याच्या आठवणी म्हणजे रोजकीर्द. तिला वाङ्मय कोण म्हणेल? आक्षेप दोन आहेत. दोन्हींचा समाचार क्रमानें घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप अज्ञानाचा आहे, म्हणून तो सोपा आहे. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीनें आंखलेली आहे. सिंदफणा व बिंदुसरा ह्या नद्या त्याच्या पोटांतून वाहतात. मांजरा तर पाटोदा तालुक्यांत बालाघाटाच्या डोंगरांतच उगम पावते. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळची असून तिचें पाणी भुयारी पाटानें मळ्यांस पोंचविलें जात असे. म्हणजे कालवा ही वस्तुही येथें परकी नव्हे. नावेविषयीं म्हणाल, तर शाळेंत शिकलेला इतिहास आठवावा. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवन येथें थोरल्या माधवरावांनीं निजामाचा पराभव केला. ती लढाई मराठ्यांनीं जिंकली, कारण निजामअल्ली कांहीं फौजेसह गोदावरीच्या पलीकडे उतरला होता, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडच्या कांठीं अडकला होता. नदी भर पावसाळ्यांतली. विठ्ठल सुंदर तेथें पडला. दक्षिणेच्या राजकारणाचें एक पान त्या दिवशीं उलटलें, तें एका घाटावर, उतारास लागणाऱ्या वेळामुळें उलटलें. विठ्ठल सुंदराचें नांव आम्हां सर्वांस पाठ आहे. परंतु त्या घाटावर नावा किती होत्या, त्या वल्हविणारे कोण होते, अर्धी फौज अलीकडे राहिली असतां त्यांचें काय झालें, हें आम्हांस शाळेंत कोणीं सांगितलें नाहीं, व आम्हींही कधीं विचारलें नाहीं.

गेल्या साठ वर्षांत तर ह्या जिल्ह्याचें पाण्याशीं असलेलें नातें अधिकच गुंतागुंतीचें झालें आहे. मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या धरणास 'जायकवाडी' हें नांव आहे, तें बीड जिल्ह्यांतील एका खेड्याचें. धरण मुळांत त्या गांवाजवळ व्हावयाचें होतें. पुढें जागा बदलून तें वरच्या अंगास पैठणला गेलें, आणि खेड्याचें नांव मात्र धरणास चिकटून राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्र्यांनीं त्याची कोनशिला बसविली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींनीं त्याचें उद्घाटन केलें. त्याचा उजवा कालवा १३२ किलोमीटर लांबीचा असून तो बीड जिल्ह्यांत येऊन सिंदफणेवरील माजलगांवच्या जलाशयास मिळतो. ज्या जिल्ह्यांत एवढा कालवा, एवढा जलाशय आणि एवढी नदी आहे, तेथें पाण्यावर राबणारा माणूस नाहीं असें म्हणणारानें तो पाहिलेला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

येथें कोणी असें विचारील कीं, कालवा आहे तर त्यांत नावा कां चालत नाहींत? ह्याच गोदावरीच्या मुखाकडे धवळेश्वरम् येथें आर्थर कॉटन यानें १८४७ ते १८५२ ह्या काळांत बंधारा घातला, आणि तेथील कालवे शेतीबरोबर नौकानयनासाठींही आंखले. भाताचीं गलबतें त्यांतून ये-जा करीत. आगगाडीपेक्षां कालवा हिंदुस्थानास अधिक उपकारक आहे असें कॉटन जन्मभर सांगत राहिला. आमच्याकडील कालवे मात्र निव्वळ भिजवणुकीचे. त्यांस पाळी असते. पाळी आली कीं पाणी, सरली कीं कोरडा तळ. वाटेंत उतार, मोऱ्या, ठेंगणे पूल. अशा पाटांत नाव चालावयाची नाहीं, हें उघड आहे. आणि तहानलेल्या मुलखांत पाण्याचा पहिला हक्क पिण्याचा व पिकाचा आहे, हेंही आम्हांस मान्य आहे. म्हणून आमच्याकडे होडी आहे ती कालव्यांत नाहीं. ती कालव्याच्या मुखाशीं पसरलेल्या जलाशयावर, नदीच्या उतारावर आणि फुगवट्यानें तुटलेल्या गांवांच्या वाटेवर आहे.

ही साधी गोष्ट ज्यांस माहीत नसते, त्यांच्या हातून पाण्याविषयीं कशीं विधानें होतात, याचा एक नमुना द्यावासा वाटतो. देशांतील १११ जलमार्गांस राष्ट्रीय म्हणून घोषित करणारा कायदा १२ एप्रिल २०१६ पासून अंमलांत आला. त्या यादींत मांजरा नदीचें नांव आहे. आणि त्याच १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोंचली. कारण केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण, ज्यावर लातूर जगतें, तें आटून गेलें होतें. जलमार्ग म्हणून घेतलेला भाग सिंगूर धरणाच्या खालचा आहे, हें आम्ही विसरत नाहीं. कायद्यानें कोणाचा घोट हिसकावला असेंही आमचें म्हणणें नाहीं. परंतु नदीचें नांव राजपत्रांत जलमार्ग म्हणून चढावें, आणि तिच्याच वरच्या धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या असाव्या, ह्यांतील विसंगति कोणासही खटकूं नये, ही स्थिति कशी उत्पन्न होते? नदीच्या कांठीं बारा महिने जो माणूस असतो, ज्यास कोणत्या पंधरवड्यांत किती हात पाणी असतें हें तोंडपाठ असतें, त्याचें बोलणें कोणत्याच कागदावर उतरलेलें नसतें म्हणून.

आतां दुसरा आक्षेप. होडीच्या धक्क्यावरील काम म्हणजे रोजकीर्द, तींत वाङ्मय नाहीं! ह्या मताच्या लोकांनीं क्षणभर इंग्लंडाकडे पहावें. कारण एरव्हीं ते तिकडे पाहिल्यावांचून कांहींच मान्य करीत नाहींत. तेथें १७६१ सालीं ब्रिजवॉटरचा कालवा खाणींतील कोळसा मँचेस्टरला पोंचवूं लागला. पुढें आगगाडी आली आणि कालव्यांस उतरती कळा लागली. दुसऱ्या महायुद्धांत त्याच अरुंद होड्यांवर तरुण स्त्रिया कामास लागल्या. लंडनहून बर्मिंगहॅमकडे धातूचा माल न्यावयाचा व परततांना कॉव्हेंट्रीकडील कोळसा आणावयाचा. त्यांपैकीं सुझन वुलफिट हिनें १९४७ सालीं व एमा स्मिथ हिनें १९४८ सालीं त्या कामावर पुस्तकें लिहिलीं. तत्पूर्वीं १९४४ सालीं रोल्ट नांवाच्या यंत्रज्ञानें आपल्या होडीवरील वास्तव्याचें पुस्तक प्रसिद्ध केलें होतें; तें वाचून जागीं झालेलीं माणसें १९४६ सालीं एकत्र आलीं व त्यांनीं जलमार्ग वांचविण्याची संस्था काढली. आज तेथें त्याच कालव्यांवर भाड्याच्या होड्यांचे धक्के आहेत व कुटुंबेंच्या कुटुंबें सुटींत तेथें जातात. दोर ओढण्याच्या आणि कोळसा उपसण्याच्या आठवणी कोणीं तरी लिहिल्या व कोणीं तरी वाचल्या, ह्याचाही त्या पुनरुज्जीवनांत वांटा आहे.

इंग्लंड दूर वाटत असेल तर बंगाल जवळ आहे. माणिक बंद्योपाध्याय यांनीं १९३६ सालीं पद्मेवरील नावाड्यांची कादंबरी लिहिली. अद्वैत मल्लबर्मन् हे स्वतः मालो कोळ्यांच्या घरीं जन्मले. तितास नदीवरील त्यांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ सालीं निघालें आणि आज तें त्या भाषेचें भूषण मानलें जातें. गंगेच्या कांठचा नावाडी वाङ्मयाचा विषय होतो आणि गोदेच्या कांठचा मात्र रोजकीर्दीचा, हा भेद पाण्यांतला नव्हे, पाहणाऱ्यांतला आहे.

ह्या बाबतींत आम्हांस थोडेंसें आधिकारानें बोलतां येतें. ऐन तारुण्यांत दोन उन्हाळे व मधला एक हिंवाळा आम्हीं मराठवाड्यांतील एका जलाशयावर, भाड्यानें होड्या देण्याच्या धक्क्यावर, हिशेबनिसाचें काम केलें आहे. चार होड्या, एक पत्र्याची खोपी, एक वही आणि खिळ्यांना टांगलेलीं जाकिटें, एवढाच तो संसार. वही आमच्याकडे असे. बाकी सर्व एका वृद्ध नावाड्याकडे. सारेजण त्यांस मामा म्हणत. आम्हांस ते 'मास्तर' म्हणत, आणि त्यांत थोडी थट्टा असे. सकाळीं गिऱ्हाईक येण्यापूर्वीं ते प्रत्येक होडीच्या फळ्यांवरून हात फिरवीत, सांधा ओला लागला कीं काथ्या ठोकून वरून डांबर भरीत, आणि मगच ती होडी पाण्यांत लोटीत. कालव्याच्या दरवाजाकडे ते कोणाही गिऱ्हाइकास, कितीही पैसे दिले तरी, नेत नसत. दरवाजा उचललेला असतां वरचें पाणी निजलेलें दिसतें, परंतु खालीं ओढ असते. ही ओढ डोळ्यांस दिसत नाहीं, वल्ह्यास कळते. चैत्र-वैशाखांत दुपारीं हवा गच्च झाली आणि पलीकडच्या कांठावर धुळीची रेघ उठली, कीं ते आंतल्या होड्यांस हांक मारून परत बोलावीत. वारा आमच्या कांठीं येईपर्यंत होड्या बांधलेल्या असत.

त्या जलाशयाखालीं एक गांव गेलेलें होतें. मामांचा जन्म त्या गांवचा. पाणी भरलेलें असतां त्यांस खुणा लागत नसत, ते डोंगराच्या दोन सोंडा व एक टेंकडी यांच्या बेतानें होडी चालवीत आणि मध्येंच म्हणत, "आता चावडीवरून चाललो, मास्तर." उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं विहिरींचीं तोंडें आणि बाभळींचे बुंधे हातभर पाण्याखालीं येत, होडीचा तळ फोडावयास ते पुरेसे असतात. कोणता बुंधा कोणाच्या बांधावरचा, हें मामांस ठाऊक होतें, म्हणून त्यांची होडी कधीं फुटली नाहीं. ज्या ज्ञानावर रोज शेंपन्नास माणसांचा जीव अवलंबून होता, तें ज्ञान म्हणजे एका बुडालेल्या गांवाची आठवण होती! त्यास कोणी रोजकीर्द म्हणावें काय?

पुढच्या वर्षीं धक्क्याचा मक्ता बदलला. अधिक बोली देणारास तो मिळाला. त्यानें यंत्राच्या होड्या आणल्या व आपलीं माणसें आणलीं. मामांजवळ कसलाही लेखी दाखला नव्हता, आणि वीस वर्षांच्या अनुभवाचा रकाना मक्त्याच्या कागदांत नव्हता. आमची वही मात्र नव्या मालकानें जपून मागून घेतली. ती अद्याप कोठें तरी कपाटांत असेल. किती होड्या गेल्या व किती रुपये आले, तें तींत सांपडेल. वारा केव्हां उठतो आणि बुंधे कोठें आहेत, तें तींत नाहीं. आम्हीं तें लिहावें असें त्या वेळीं कोणासही वाटलें नाहीं, कारण त्या गोष्टी लिहावयाच्या असतात अशी कल्पनाच आम्हां शिकलेल्यांत नव्हती.

ही केवळ हळहळ नव्हे. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यानें उलटली आणि सहा जीव बुडाले. तेथें दोष कोणाचा, हें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु मे महिन्यांतल्या दुपारनंतरचा वारा हा आमच्या जलाशयांवरील नित्याचा पाहुणा आहे, आणि त्याचीं लक्षणें जाणणारीं माणसें प्रत्येक कांठावर आहेत, हें आम्ही खात्रीनें सांगतों. तसेंच २०२३ सालीं गंगापूर तालुक्यांतील भिव धानोरा येथील मुलें जायकवाडीच्या फुगवट्यांतून थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून शाळेस जातात, ही बातमी वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें स्वतः होऊन तिची दखल घेतली. धरणानें गांवची वाट पाण्याखालीं घालावी, त्या पाण्यावर नाव मिळूं नये, आणि मुलांनीं वस्तु बांधण्याच्या वेष्टणावर बसून विद्या आणावयास जावें! जेथें नावाड्याचा धंदा नाहींसा होऊं दिला, तेथें नावेची गरजही नाहींशी झाली असें आम्हीं गृहीत धरलें. गरज राहिली, नाव तेवढी गेली.

ह्यावर दोन शंका निघतील, त्यांचेंही निरसन करूं. कोणी म्हणेल, अशा आठवणींत अतिशयोक्ति फार असते. प्रत्येक नावाडी आपला पूर मोठा करून सांगतो. असेल. पेशव्यांच्या बखरींत अतिशयोक्ति नाहीं काय? म्हणून आम्हीं त्या जाळल्या नाहींत, पारखून घेतल्या. तोच न्याय येथें लावावा. दोन कांठांवरच्या दोन नावाड्यांस एकच पूर विचारला, तर खरें काय तें निघतें. दुसरे म्हणतील, ह्या माणसांस लिहितां येत नाहीं. बहिणाबाई चौधरींसही लिहितां येत नव्हतें. त्यांच्या तोंडचें तें घरच्या माणसांनीं कागदावर टिपून ठेविलें, म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, तें महाराष्ट्रास मिळालें. तें टिपून ठेवणारा हात नसता, तर खानदेशांतील एक निरक्षर शेतकरी बाई एवढेंच त्यांचें वर्णन उरलें असतें. वाङ्मयांत बोलणाराइतकाच टिपून घेणाराचाही वांटा असतो. बीड जिल्ह्यांत बोलणारे आहेत. उणीव आहे ती टिपून घेणारांची, आणि ती उणीव आमची आहे, त्यांची नव्हे.

म्हणून नुसती टीका करून न थांबतां तीन गोष्टी सुचवितों. पहिली, गेवराई, माजलगांव, परळी, अंबाजोगाई येथील शाळा व महाविद्यालयें यांनीं दर वर्षीं कांहीं विद्यार्थी नदीकांठीं व धरणाकांठीं धाडावे. जुने नावाडी, मासेमारी करणारे भोई व कोळी, कालव्यावरील पाटकरी व चौकीदार यांच्याशेजारीं बसून, त्यांच्याच बोलींत, त्यांनीं सांगितलेलें लिहून घ्यावें. भाषा सुधारूं नये. दुसरी, ज्या धक्क्यांचे मक्ते दिले जातात, तेथें बोलीच्या रकमेबरोबर नावाड्याचा त्याच पाण्यावरील अनुभवही विचारांत घेण्याची अट घालावी. किती वर्षें हें पाणी पाहिलें, हा प्रश्न किती रुपये देतां ह्या प्रश्नाच्या बरोबरीनें विचारला जावा. तिसरी गोष्ट आमच्यासारख्या मासिकांनीं करावयाची. काव्यावरील टीकेस आम्ही पानेंच्या पानें देतों. त्यांतील चार पानें दर अंकीं अशा आठवणींस द्यावीं. तीं नीरस निघालीं तर वाचक तीं उलटतील. परंतु छापण्यापूर्वींच तीं नीरस ठरविण्याचा अधिकार कोणीं कोणास दिला?

त्या विद्वान् गृहस्थांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, राजे व दिवाण ज्या नावेनें नदी उतरले त्या नावेचा हिशेब ठेवावयाचें आम्हीं १७६३ सालीं चुकविलें. त्या वेळीं साक्षर थोडे होते, छापखाना नव्हता, ही सबब तरी सांगतां येते. आज गांवोगांव शाळा आहे, प्रत्येक खिशांत आवाज टिपणारें यंत्र आहे, आणि ज्यांनीं गोदावरीचा उतार पूल होण्यापूर्वींचा पाहिला तीं माणसें वयोवृद्ध असलीं तरी अद्याप कांहीं हयात आहेत. तीं गेल्यावर हा विषय वाङ्मय आहे कीं नाहीं, ह्या वादास अर्थ उरणार नाहीं. तेव्हां वाद मागाहून करूं. आधीं लिहून घेऊं.